सहा मिनिटांची मंदाक्रांता

४ नोव्हेंबर

झडप अरुंद झाली आहे.

डॉक्टरबाईंनी पडद्यावर दाखवली. पांढुरकी, ताठर, जेमतेम किलकिली होणारी. "ही दर ठोक्याला पूर्ण उघडायला हवी, आजोबा. तुमची उघडतच नाहीये. चुना बसलाय तिच्यावर." मी विचारलं, किती वर्षांची असेल? "कोण, झडप? तुमच्याच वयाची की."

सरळ चेहऱ्याने बोलतात बाई. आवडल्या.

त्याआधी आतल्या खोलीत डाव्या कुशीवर निजवून, छातीला गार जेली फासून एका मुलीने बराच वेळ ते यंत्र फिरवलं. मधेच तिने आवाज चालू केला. माझं रक्त! अरुंद तोंडाच्या बाटलीत कुणी फुंकर घालावी तसं — हुश्श, हुश्श. दोन हुश्शांच्या मधे एक लहानशी विश्रांती. मला शाळेतले कवितेचे गुरुजी आठवले. यतीच्या जागी थांबला नाहीत तर कवितेला धाप लागते, म्हणायचे. माझी कविता वर्षभर धापा टाकते आहे, आणि मी समजत होतो हे वय.

तीन वाटा आहेत. एक — छाती उघडायची, जुनी झडप काढायची, नवी शिवायची. दोन — जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी वर न्यायची आणि नवी झडप तिथल्या तिथे उघडायची. तीन — काहीच करायचं नाही, गोळ्या घ्यायच्या. "तिसऱ्या वाटेने किती लांब जाता येतं?" मी विचारलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "वर्ष. फार तर दोन. आणि ते बहुतेक खुर्चीत बसून."

कोणती वाट ते त्या एकट्या ठरवत नाहीत. कापणारे डॉक्टर, भूल देणारे डॉक्टर, त्या स्वतः — सगळे एका टेबलाशी बसतात. त्याआधी माझी परीक्षा. चालण्याची, मुठीची, डोक्याची.

परत येताना ही म्हणाली, "चुना म्हणे. बाथरूमच्या नळाला धरतो तसा?" मग कोपऱ्यावर माझ्याबरोबर थांबली.


६ नोव्हेंबर

छातीचं हाड करवतीने कापतात. हे मला पूर्वी, रस्त्यांचे नकाशे काढायचो त्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं, डबा खाताना. वीस वर्षं विसरलो होतो. आता रोज आठवतं.

मरणाची भीती वाटत नाही, असं इथे लिहिणार होतो. खोडलं. वाटते. पण करवतीची जास्त वाटते.


११ नोव्हेंबर

तपासणीसाठी रक्त द्यायला गेलो होतो. बाहेरच्या बाकावर एक निवृत्त बस कंडक्टर भेटले. त्यांचीही झडपच. मोठा आवाज, खिशात पेपरमिंट. मला एक दिली, हिला दोन.

"तुमची कुठून?" त्यांनी विचारलं.

"अजून ठरायचंय."

"मग ऐका. परीक्षा घेतात ना, त्यात धडधाकट दिसलात की छातीतून. जरा खिळखिळे दिसलात की पायातून. सरळ हिशेब आहे. म्हातारी गाडी पूर्ण खोलत नाहीत, वरवर दुरुस्त करून सोडतात रस्त्यावर."

ही तेव्हा खिडकीशी कागद द्यायला गेली होती. म्हणून तिला हे ठाऊक नाही.

"आणि फारच खिळखिळा दिसला तर?" मी विचारलं.

"ते मला कुणी सांगितलं नाही," म्हणाले, आणि त्यांच्या नावाचा पुकारा झाला.


१३ नोव्हेंबर

दुपारी ही शेजारी गेली होती. बोळकांडीत चालून पाहिलं. खिळखिळं दिसणं वाटतं तेवढं सोपं नाही. पाय ओढला की लंगडा दिसतो, वाकलो की पाठदुखीचा. नुसतं हळू चालावं तर दोन मिनिटांत विसरतो आणि नेहमीचा वेग येतो. मनात कुठे तरी लय हवी.

आणि एकदम सुचलं! गुरुजी आम्हाला वृत्तं फळ्यावर शिकवत नसत, मैदानावर शिकवत. लघूला आखूड पाऊल, गुरूला लांब. पोरांची रांग लावून पुढे स्वतः. भुजंगप्रयात म्हणजे एक आखूड दोन लांब, एक आखूड दोन लांब — आम्ही खरंच नागमोडी जायचो, मुलींचा वर्ग खिडकीतून हसायचा. आणि मंदाक्रांता — नावातच सावकाश पावलं. चार लांब ओढलेली, मग पाच भरभर चिमुकली, मग दोन लांब एक आखूड, पुन्हा दोन लांब एक आखूड, शेवटी दोन लांब. आणि मधे मधे थांबायचं, यतीला. त्या वृत्तात चालणारा माणूस घाईत असूच शकत नाही.

बोळकांडीत तीन ओळी चाललो. सुरेख जमलं. डोळे भरून आले — गुरुजींच्या आठवणीने, दुसरं काही नाही.

वळलो तर ही दारात. "अहो, हे काय चालवलंय?"

"चप्पल चावतेय."

"अनवाणी आहात तुम्ही."


१७ नोव्हेंबर

परीक्षा झाली.

लांब बोळ, दोन टोकांना दोन नारिंगी शंकू, एका बाजूला भिंतीला कठडा. चालवणाऱ्या बाई हसऱ्या, गळ्यात शिट्टीसारखं घड्याळ. बोटाला चिमटा लावला. "सहा मिनिटं, आजोबा. तुमच्या चालीने. दमलात तर थांबा, बरं वाटलं की पुन्हा निघा. घाई नाही."

घाई कुठली! मंदाक्रांता. चार लांब, पाच चिमुकली. यती. शंकूला वळसा घालताना ओळ मोडू नये म्हणून तिथे अडखळल्यासारखं करून एक पाऊल जास्तीचं घेतलं. बाई माझ्या मागोमाग, हात पुढे करून, जणू मी पडलोच तर झेलायला. मला अपराधी वाटलं. पण वृत्त सोडलं नाही.

मग हात छातीशी घडी करून खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगितलं. तीन वेळा उठलो, चौथ्याला "जमत नाही" म्हणालो. मग मूठ आवळायचं यंत्र. तेही अर्ध्या जोरानेच.

डोक्याच्या परीक्षेत मात्र सोंग झेपलं नाही. पाच शब्द सांगून ठेवले होते, थोड्या वेळाने विचारले. जहाज, लोकर, खिडकी, मावशी, मीठ. उलट क्रमानेही म्हणून दाखवले. ती मुलगी म्हणाली, उलट नको होते. म्हटलं, असू द्या.

ही बाहेर बाकावर होती. दाराला काच होती, हे मी बाहेर आल्यावर पाहिलं.


१८ नोव्हेंबर

गाढ झोप लागली. पेपर चांगला गेला की लागायची तशी.


२६ नोव्हेंबर

तूर्त काहीच करायचं नाही.

टेबलाशी बसून सगळ्यांचं ठरलं. डॉक्टरबाई सांगत होत्या, मी त्यांच्या पेनच्या टोपणाकडे बघत होतो. "आजोबा, झडप बदलायलाच हवी, यात वाद नाही. पण बदलताना शरीराने साथ द्यावी लागते. तुमची ताकद फार कमी भरली. शिवाय चालणं — पावलं एकसारखी पडत नाहीत. काही लांब, काही एकदम आखूड, मधेच थांबता, वळताना तोल जातो. हे हृदयाचं वाटत नाही. मेंदूच्या, नसांच्या डॉक्टरांना दाखवू. तोवर गोळ्या. तीन महिन्यांनी बघू."

"आणि पायातून?"

"पायातूनही नाही. आत्ता नाही."

तिसरी वाट. वर्ष, फार तर दोन, खुर्चीत बसून. मी चांगल्या गुणांनी पास झालो.

हिने विचारलं, "लांब आणि आखूड म्हणजे?" बाईंनी कागद पुढे केला. चालवणाऱ्या बाईंनी कळकळीने लिहिलं होतं, पडण्याचा धोका, एकटं सोडू नये. हिने वाचलं. माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला.


२७ नोव्हेंबर

घरात कुणी बोलत नाही. लेकीचा फोन आला. ही म्हणाली, "बाबांचं बघतायत अजून." मी हिच्यामागे उभा होतो.

खोटं बोललो तेव्हा एवढं वाईट वाटलं नव्हतं. खोटं लोकांनी मनापासून खरं मानलं, तेव्हा वाटलं.


२९ नोव्हेंबर

आज सकाळी हिने तोंड उघडलं. मी दाढी करत होतो.

"चार लांब, पाच आखूड," ही म्हणाली. "मग काय असतं?"

ब्रश हातातच राहिला.

"दोन लांब एक आखूड," मी म्हणालो. "दोनदा. मग दोन लांब."

"लग्न झालं त्या वर्षी तळ्याकाठी मला चालून दाखवलं होतंत. मला वाटलं होतं, नवरा चक्रम आहे. आता खात्री झाली." मग आरशातल्या माझ्याकडे बघत, "का केलंत हो?"

सांगितलं. करवत. कंडक्टर. सगळं. फेस गालावर वाळला.

मला वाटलं रागावेल. पण ही उंबरठ्यावर बसली आणि हसायला लागली. थांबेना. हसता हसताच पदर डोळ्यांना लावला. "अहो, माणसं परीक्षेत कॉपी करून पास होतात. तुम्ही कॉपी करून नापास झालात!"

मग म्हणाली, "सोमवारी जायचं आणि सांगायचं. मी नाही सांगणार. तुम्ही."


१ डिसेंबर

सांगितलं.

किती वाक्यं घोटून ठेवली होती. डॉक्टरबाईंसमोर बसल्यावर एवढंच आलं — "मी चाललो ते माझं चालणं नव्हतं. ते मंदाक्रांता होतं."

बाईंनी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "कवितेचं वृत्त आहे. डोकं ठीक आहे त्यांचं. म्हणजे होतं तसंच आहे."

"चालून दाखवा," बाई म्हणाल्या.

खोली ती केवढी. टेबलापासून वजनकाट्यापर्यंत अर्धी ओळ बसली. बाई हाताची घडी घालून बघत राहिल्या. "चालवणाऱ्या बाईंनी तुमच्यासाठी माझ्याशी भांडण केलं. एवढ्या अशक्त माणसाला घरी एकटं कसं सोडता म्हणून. त्यांना तुम्हीच सांगा."

मग करवतीचं सांगितलं. कंडक्टरांचा हिशेबही सांगितला.

बाईंनी पेनला टोपण लावलं. "आजोबा, छाती उघडायचा विचार तुमच्या बाबतीत कुणी केलाच नव्हता. तुमचं वय, तुमच्या फुप्फुसांचा फोटो — पहिल्या दिवसापासून मी पायातूनच धरून चालले होते. फक्त तेवढं तरी शरीराला झेपेल का, एवढंच बघायचं होतं. आणि तुम्ही जिवापाड मेहनत करून दाखवलंत की झेपणार नाही."

हिने माझ्या कोटाचं बटण लावलं, ते लागलेलंच होतं.

"गुरुवारी परत चाला," बाई म्हणाल्या. "या वेळी कविता नको."

"पण आता वेगळं निघालं तर सगळे विश्वास ठेवतील?" ही म्हणाली.

"ते तुम्ही माझ्यावर सोडा. टेबलाशी मी बसते."


४ डिसेंबर

गद्यात चाललो.

आधी चालवणाऱ्या बाईंची माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं, गळ्यातलं घड्याळ उगीच दोनदा दाबलं. "माझ्या हातून असा कुणी निसटला नव्हता, कविराज." आता तेच नाव पडलं. चिमटा लावताना बोट जरा जोरात धरलं. हक्कच होता त्यांचा.

निघालो. मनात काही येऊ द्यायचं नाही, नुसतं चालायचं — किती अवघड! एक फेरी छान झाली. दुसरीत मनात म्हटलं, बघा आता, म्हातारा कसा चालतो. तिसरीत छातीवर कुणी तळहात ठेवला. चौथीत तो तळहात दाबायला लागला. बोळाचं टोक लांब गेलं, शंकू धूसर. मी थांबलो. कठडा धरला.

आणि हे सोंग नव्हतं.

कठड्याला धरून उभा होतो तेव्हा कळलं की मी मंदाक्रांतेत जिथे जिथे थांबलो होतो, तिथे थांबायला मला बरं वाटलं होतं. मी म्हणत होतो यती. ती धाप होती. वर्षभर मी असाच थांबत आलो — दुकानाच्या पाट्या वाचायला, झाडं बघायला, बुटाची नाडी बांधायला — आणि प्रत्येक वेळी त्याला काही तरी सुंदर नाव दिलं.

"बसायचंय?" चालवणाऱ्या बाईंनी विचारलं.

"नाही. निघतो."

निघालो. वेळ संपेपर्यंत आणखी दीड फेरी. खुर्चीतून पाच वेळा उठलो, पाचव्याला गुडघे थरथरले, पण उठलो. मूठ पूर्ण आवळली. यंत्राकडे बघून बाई म्हणाल्या, "हं. ही तुमची."

बाहेर आलो. ही काचेच्या दाराशीच उभी होती, या वेळी बाकावर नाही. म्हणाली, "मधे थांबलात."

"हो."

"खरं?"

"खरं."

माझा दंड धरला. बसपर्यंत सोडला नाही.


५ डिसेंबर

दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तोंडातले जंतू नव्या झडपेवर जाऊन बसतात म्हणे, म्हणून घरात नवा पाहुणा यायच्या आधी अंगण झाडून घ्यायचं. एक दाढ काढली. जिभेला तिथे अजून सवय नाही, सारखी शोधत जाते.


७ डिसेंबर

फोनची वाट बघतो आहे. समजा पुन्हा नाहीच म्हणाले तर? या वेळी ते 'नाही' खरं असेल. त्याच्याविरुद्ध दाद मागायला माझ्याकडे कुठलीही कबुली उरलेली नाही.

ही मोजे विणते आहे. कुणाचे, विचारलं. "तुमचे. दवाखान्यात पाय गार पडतात." म्हणजे हिने ठरवून टाकलंय.


१० डिसेंबर

होकार!

डॉक्टरबाईंचा स्वतः फोन. "पायातून. सगळ्यांचं एकमत. नसांच्या डॉक्टरांची चिठ्ठी मी फाडली." मी आभार मानायला लागलो तर म्हणाल्या, "मधे थांबलात ना, त्याचा उपयोग झाला. झडप किती अडवते ते आकड्यांत दिसलं. आणि पुन्हा निघालात, त्याचाही."

फोन ठेवला आणि बराच वेळ खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो. हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय म्हणाल्या?" ही बाहेर आली, माझं तोंड पाहिलं, आणि पुन्हा आत जाऊन गॅस बंद करून आली. मग दोघं बसलो.


१९ डिसेंबर

परवा झालं. आज लिहितो आहे. अक्षर वाकडं आहे, कारण पलंगाची पाठ अर्धीच वर येते.

पूर्ण भूल दिली नाही. गुंगी होती, पण कान जागे. जांघेत सुई, मग एक दाब वर सरकत गेल्यासारखा, दुखणं नाही. डोक्याशी भूल देणारे डॉक्टर, बोलघेवडे. "कविराज ना तुम्ही? वर बातमी पोचलीय." मग डॉक्टरबाईंचा आवाज, "आता थोडा वेळ विचित्र वाटेल. आम्ही हृदय मुद्दाम फार जोरात पळवणार आहोत, म्हणजे झडप बसवताना ते हलणार नाही."

विचित्र म्हणजे! छातीत एक अशी फडफड की तिला ना लघू ना गुरू. जग लांब गेलं. मनात एकही शब्द नव्हता. एवढं आयुष्य काढलं, पण मनात एकही शब्द नाही असं कधी झालं नव्हतं.

मग ते थांबलं. आणि एक ठोका. आणि एक. भरलेला, निवांत, कुणाची परवानगी न मागता पडणारा. आजूबाजूची माणसं एकदम मोकळ्या आवाजात बोलायला लागली. कुणी तरी कुणाला तरी चहाचं विचारलं. त्यावरून मला कळलं की जमलं.

पाय सरळ ठेवून बराच वेळ पडून राहायचं होतं. ही आत आली. पायात मोजे होते ते आधी बघितलं, मग माझ्याकडे. "नवी झडप कसली असते, विचारलं मी," म्हणाली. "गुराच्या हृदयाभोवतीच्या पिशवीची. आता तरी सांगितलेलं ऐकाल. गरीब जनावर आहे आत."

संध्याकाळी इको करणारी मुलगी यंत्र घेऊन पलंगाशीच आली. मी म्हटलं, आवाज चालू करा. केला. हुश्श नाही! टप, टप, दारं लागल्यासारखं, मऊ. मी तिला म्हटलं, पुन्हा. तिने पुन्हा ऐकवलं.


२३ डिसेंबर

घरी. स्वतः आंघोळ केली. मधे बसलो नाही.


३० डिसेंबर

वाचनालयापर्यंत गेलो. तो चढ, जो मी "हल्ली पुस्तकंच बरी नसतात" म्हणून वर्षापूर्वी सोडून दिला होता! न थांबता नाही, पण एकदाच थांबलो, आणि तेही खरंच एका खिडकीतलं मांजर बघायला. स्वतःला दोनदा विचारून घेतलं. मांजरच होतं.

ग्रंथपाल म्हणाले, कुठे होतात इतके दिवस? म्हटलं, धापा टाकत होतो. त्यांना वाटलं आत्ता चढून आलो म्हणून. पाणी दिलं.


८ जानेवारी

तपासणीला गेलो, बाकावर कंडक्टर! छातीशी उशी कवटाळून बसलेले. खोकला आला की उशी दाबायची असते, हाड जुळेपर्यंत. त्यांची छातीतून झाली. "काय करणार, धडधाकट निघालो. दहा वर्षांनी लहान तुमच्याहून," म्हणाले. चेहऱ्यावर रंग होता.

मी म्हटलं, तुमचं ऐकून मी अशक्तपणाचं सोंग केलं, आणि सगळ्यातूनच बाद झालो होतो.

त्यांचा चेहरा पाहण्यासारखा. "अहो, मी थट्टा करत होतो! वेळ जाईना म्हणून. मला काय कळतं त्यातलं, मी तिकिटं फाडायचो." मग हसायला लागले, मग दुखलं म्हणून उशी दाबून धरली, आणि उशी धरूनच हसत राहिले. "मला हसवू नका हो, टाके आहेत." मीही थांबू शकलो नाही. आतून नर्स बघून गेली.

करवतीचं विचारलं. म्हणाले, "मला काय माहीत? मी झोपलो होतो. उठलो तेव्हा भूक लागली होती."

महिनाभर मी ज्या गोष्टीला भ्यालो, ती ते झोपून पार करून आले.

घरी येताना आभाळ स्वच्छ होतं. रस्ता ओळखीचा आणि तरीही नवा. आयुष्यभर रस्त्यांचे नकाशे काढले, पण चालण्यासाठी रस्ता एवढा हलका असतो हे कागदावर कधी आलं नव्हतं. मनात भुजंगप्रयात आपोआप सुरू झालं, एक आखूड दोन लांब. मी चालू दिलं. आता कुणी मोजत नाही.


१८ जानेवारी

लेकीकडे गेलो. लिफ्ट बंद, तिसरा मजला. म्हटलं, बघू तरी. न थांबता चढलो! बेल वाजवली. लेकीने दार उघडलं, हसली, मग माझ्यामागे पाहिलं. "बाबा, आई कुठाय?"

ही पहिल्या मजल्याच्या वरच्या वळणावर पायरीवर बसली होती. एक हात कठड्यावर. ओठ पांढरे. धाप मला वरूनच ऐकू आली. खाली जाऊन शेजारी बसलो. कधीपासून, विचारलं.

"झालं असेल वर्ष," ही म्हणाली. "तुम्ही थांबायचात ना, तेव्हा मलाही थांबायला मिळायचं."